पहिला वॅट

दुकानात येणारं गिऱ्हाईक पूर्वी एकच विचारायचं, "किती वॅटचा आहे?" खोक्यावर पीएमपीओचा हजारांतला आकडा छापलेला असायचा आणि तो वाचूनच माणूस खूश व्हायचा. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेली पोरं विचारतात, "काका, क्लास डी घेऊ का एबी? क्लास ए म्हणे सगळ्यात भारी असतो." परभणीत स्टेशन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत रेडिओ, टेप, डेक आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या प्रश्नातला हा बदल मला मनापासून आवडतो. वॅटच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी शहाणा आहे. पण काउंटरवर उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून बसून लिहायला घेतलं.

आधी क्लास म्हणजे काय ते सांगतो. स्पीकरकडे जाणारा सिग्नल शून्याच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातले पॉवर ट्रान्झिस्टर हे वर-खाली जाण्याचं काम आपसांत कसं वाटून घेतात, त्यावर क्लास ठरतो. क्लास एमध्ये ट्रान्झिस्टर पूर्ण वेळ चालू असतो. गाणं लागलेलं असो वा नसो, त्यातून भरपूर करंट वाहतच राहतो. क्लास बीमध्ये दोन ट्रान्झिस्टर असतात, एक वरची बाजू सांभाळतो, दुसरा खालची. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीला दोन टोकांनी दोन माणसं असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, तसं हे काम चालतं. अडचण येते ती ओढण्याची पाळी बदलताना. सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू व्हायला साधारण 0.6 व्होल्ट लागतात. शून्याच्या आसपास एक बंद झालेला असतो आणि दुसरा अजून चालू झालेला नसतो. तेवढ्या जागेत आवाजाला खाच पडते. तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. ही खाच बुजवायला दोन्ही ट्रान्झिस्टरना कायम थोडा करंट देऊन ठेवायचा, हा झाला क्लास एबी. त्या करंटला आम्ही बायस म्हणतो. क्लास डीची तऱ्हा निराळी. तिथे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा कधीच नसतो. तो सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो, चालू राहण्याचा वेळ गाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि बाहेर पडताना कॉइल आणि कंडेन्सर मिळून त्यातलं गाणं तेवढं स्पीकरपर्यंत जाऊ देतात.

घेतलेल्या विजेपैकी आवाजाला किती लागते, हा हिशेब क्लासप्रमाणे बदलतो. क्लास ए कागदावरसुद्धा 50 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि साध्या रचनेत तर 25 टक्केच. क्लास बीची कागदावरची मर्यादा 78.5 टक्के. क्लास डी प्रत्यक्षात 90 टक्क्यांच्या आसपास पोचतो. बाकीची वीज उष्णता होऊन हीट सिंकमधून बाहेर पडते. परभणीत मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर असतो, तेव्हा ही उष्णता कुठे जाणार, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातला राहत नाही.

क्लास बीचं दुखणं मला शिकवलं ते उतरलेल्या सेलनी. मी शिकाऊ असताना पूर्णेकडचे एक शेतकरी चामड्याच्या पाकिटातला दोन बँडचा ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन आले. तक्रार अशी, की आवाज मोठा ठेवला की ठीक आहे, बारीक केला की फाटतो. मला हे उलटं वाटलं. आवाज फाटतो तो मोठा केल्यावर, अशी माझी समजूत होती. माझे उस्ताद हैदराबादला काम शिकून आलेले. त्यांनी सेट उघडलाच नाही. नवे सेल टाकले, आवाज अगदी बारीक केला आणि माझ्या कानाला लावला. स्वच्छ. पुन्हा जुने सेल टाकले. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज दाताखाली खडा आल्यासारखा. मग त्यांनी मला मिलिअँपिअरचा मीटर सिरीजमध्ये जोडून दाखवला. शेवटच्या टप्प्यात एसी128ची जोडी होती. नव्या सेलवर आवाज नसतानाही त्या जोडीतून पाच-सहा मिलिअँपिअर वाहत होते, जुन्या सेलवर काटा जवळजवळ शून्यावर. सेल उतरले की बायस उतरतो, बायस उतरला की एबीचा बी होतो, आणि खाच उघडी पडते. मोठ्या आवाजात ती खाच लहान वाटते, कारण तिच्याभोवती सिग्नल पुष्कळ असतो. बारीक आवाजात खाचच मोठी होऊन बसते.

पुढे जे काही समजलं ते या एका गोष्टीच्या आधारानं समजलं. घरात आपण किती वॅट वापरतो? साध्या घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर 86 ते 88 डेसिबल आवाज निघतो. हा आवाज बराच मोठा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री जेवणानंतर माणूस गाणं ऐकतो तेव्हा पाव वॅटही पुरतो. 8 ओहमच्या स्पीकरवर पाव वॅट म्हणजे जेमतेम 1.4 व्होल्ट. म्हणजे खोक्यावर शंभर लिहिलेलं असो की हजार, ऐकणाऱ्याचं बहुतेक आयुष्य पहिल्या वॅटच्या आत जातं, आणि खाच नेमकी तिथेच असते. फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग आत परत देऊन चूक दुरुस्त करायची सोय, ती बरीचशी बुजवतो, पण बायस मुळातच चुकलेला असेल तर सगळी नाही. म्हणून माझ्या टेबलावर आलेला प्रत्येक ॲम्प्लिफायर मी आधी बारीक आवाजात ऐकतो. त्यासाठी ख्यालाची सुरुवात लावतो, जिथे नुसता तानपुरा चाललेला असतो. जवारीचा तो सतत, बारीक, अनेक सुरांनी भरलेला झंकार खाचेला लपू देत नाही. ढोलकी, ताशा, डीजेच्या बीटवर खराब ॲम्प्लिफायरही बेमालूम खपून जातो; तानपुऱ्यावर खपत नाही.

क्लास ए ऐकायला मिळणं ही मोठी दुर्मीळ गोष्ट आहे, असं तरुणांना वाटतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं मात्र घरात दुसरं काही ऐकलंच नव्हतं. वाड्यात कोनाड्यावर ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत शेवटी एकच व्हॉल्व्ह असायचा, 6व्ही6 किंवा ईएल84. एकटा असल्यामुळे त्याला लाटेच्या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागत, म्हणजे तो क्लास एच. त्या रेडिओंच्या गोड आवाजाची आठवण जुनी माणसं काढतात ती खोटी नाही. पण त्यात लाकडी पेटीचा, मोठ्या कागदी स्पीकरचा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा वाटाही मोठा होता. ट्रान्सफॉर्मर वरच्या पट्टीचा तिखटपणा कापायचा, आणि व्हॉल्व्ह दुसरा हार्मोनिक मिसळायचा, जो मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो आणि कानाला खटकत नाही. हे आवाजात मिसळलेलं काहीतरी आहे, मूळ गाण्यात नसलेलं. ते आवडण्यात गैर काही नाही. मलाही आवडतं. फक्त त्याला शुद्ध म्हणू नये.

ट्रान्झिस्टरचा खरा क्लास ए मी बांधला तो कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांसाठी. इंग्लंडमधल्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जॉन लिन्सली हूड यांनी 1969 मध्ये दहा वॅटच्या साध्या क्लास ए ॲम्प्लिफायरचं सर्किट दिलं होतं. जगभरच्या हौशी लोकांनी ते बांधलं. त्याची झेरॉक्स सरांनी कुठून तरी मिळवून जपून ठेवली होती. "आपल्या परभणीत हे वाजलं पाहिजे," असं म्हणाले. चॅनेलला मोजके ट्रान्झिस्टर, शेवटी 2एन3055ची जोडी. सुटे भाग आणायला मी रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं नाव मोठं असलं तरी परभणीच्या कारागिराला कोटीतली गुजराती गल्ली जवळची. तिथून धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर, अभ्रकाच्या चकत्या, पांढरी हीट सिंक पेस्ट आणि दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढे हीट सिंक घेऊन आलो.

हिशेब सरळ होता. 27 व्होल्ट, 1.2 अँपिअर, म्हणजे एका चॅनेलला 32 वॅट सतत. दोन चॅनेल मिळून 65 वॅट, गाणं बंद असलं तरी. बदल्यात मिळणार जास्तीत जास्त दहा अधिक दहा. लोक क्लास एला विजेच्या बिलाचा बाऊ करून नाकारतात, ते मला पटत नाही. रोज चार तास ऐकलं तर महिन्याला आठ-नऊ युनिट होतात. एवढं पंखाही खातो. खरी अडचण उष्णतेची. सरांचा ॲम्प्लिफायर थंडीत अर्ध्या तासात असा तापायचा की हीट सिंकवर हात ठेवून दहापर्यंत मोजणं जड जावं. उन्हाळ्यात खोलीच 40 अंशांवर गेली की तो हात लावू द्यायचा नाही. आणि उष्णता ट्रान्झिस्टरच्या आधी फिल्टर कंडेन्सरला मारते. दर दहा अंशांनी कंडेन्सरचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. सरांनी मग आपणहून नियम करून टाकला. दिवाळी ते होळी क्लास ए, होळीनंतर कपाटात. उन्हाळ्यात ते माझ्याकडून बांधून घेतलेला क्लास एबी लावत.

त्या क्लास एचा आवाज कसा होता? फार सुंदर. भीमसेनजींच्या गळ्यातला खर्ज आणि मागचा तानपुरा एकमेकांत न मिसळता दिसावेत तसे ऐकू यायचे. मी कितीतरी संध्याकाळी काम नसतानाही सरांकडे जाऊन बसलो आहे. पण हा आवाज फक्त क्लास एमुळे येतो का, हे मला त्या सुंदर आवाजानं सांगितलं नाही. ते कळायला तुलना करावी लागली.

तुलना कशी करायची हे या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. दोन ॲम्प्लिफायरची बटणं सारख्याच आकड्यावर ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला, असं नसतं. प्रत्येकाचा गेन वेगळा. आणि कानाची खोड अशी, की एखादा आवाज किंचित मोठा असला, इतका किंचित की मोठा आहे हे जाणवणारही नाही, तर तो जास्त स्वच्छ, जास्त भरीव वाटतो. शोरूममध्ये महागडा सेट नेहमी जरा जास्त वाजवून का दाखवतात, ते यावरून समजावं. मी करतो ते असं: 100 हर्ट्झचा सूर लावायचा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्ट मोजून दोन्ही ॲम्प्लिफायर मिलिव्होल्टच्या फरकापर्यंत सारखे करायचे. सूर 100 हर्ट्झचाच, कारण साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खरं बोलत नाही. मग बदलाबदली करणारा माणूस पडद्याआड आणि ऐकणारे अलीकडे.

असं आम्ही सरांच्या घरी बरेचदा केलं. ऐकायला स्वतः सर, तबला शिकवणारे एक गुरुजी, आणि गणपती-लग्नात साउंड लावणारा एक तरुण. पलंगाची चादर पडदा म्हणून. पडद्यामागे सरांचा क्लास ए, माझा 5200-1943 या ट्रान्झिस्टरांच्या जोडीचा क्लास एबी, आणि पुढच्या काळात त्यात भर पडली टीपीए3116 या आयसीच्या, तळहातावर मावेल एवढ्या क्लास डी बोर्डाची. शिवाय एक एबी असा, ज्याचा बायस मी मुद्दाम पार उतरवून ठेवला होता.

बायस उतरवलेला सगळ्यांनी पहिल्या आलापातच ओळखला. गुरुजी म्हणाले, "तानपुऱ्याची तार ढिली झाल्यासारखी वाटायलीय." क्लास ए आणि नीट बसवलेला एबी यांत मात्र कोणाचंही उत्तर स्थिर राहिलं नाही. एकदा बरोबर, एकदा चूक. सरांनाही आपला लाडका ॲम्प्लिफायर खात्रीनं सांगता आला नाही, आणि ते त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. क्लास डी 8 ओहमच्या स्पीकरवर लावला तेव्हा साउंडवाल्या पोरानं तो ओळखला, "वरची पट्टी जरा जास्त चमकती, काका." 4 ओहमच्या स्पीकरवर मात्र त्याला ओळखता येईना. यामागे कारण आहे. स्वस्त क्लास डीमध्ये शेवटचे कॉइल-कंडेन्सर ठरावीक ओहमच्या स्पीकरसाठी काढलेले असतात, आणि फीडबॅक त्यांच्या अलीकडूनच घेतलेला असतो. स्पीकर बदलला की वरची पट्टी उचलली तरी जाते किंवा बसते. चांगल्या रचनांमध्ये फीडबॅक कॉइलच्या पलीकडून, थेट स्पीकरच्या टोकावरून घेतात. बेल्जियमच्या ब्रूनो पुट्झेयस यांनी केलेलं मोठं काम याच दिशेचं. तिथे हा दोष उरत नाही. म्हणजे पोरानं ओळखला तो क्लास डी नव्हता, त्या बोर्डाची काटकसर होती.

मग मी ॲम्प्लिफायर तोच ठेवून स्पीकर बदलले. ते सगळ्यांनी ओळखले, एकदाही न चुकता. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले. तेही ओळखलं. त्या दिवसानंतर माझा सल्ला बदलला. खिशात दहा रुपये असतील तर सहा स्पीकरला, तीन ॲम्प्लिफायरला, आणि उरलेला एक खिडक्यांच्या जाड पडद्यांना, असं मी सांगू लागलो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसऱ्या दुकानात गेली.

एबीबद्दल इथे जरा थांबून लिहायला हवं, कारण पुष्कळ घरांत आजही तोच आहे आणि अनेक ठिकाणी तो बिघडलेल्या बायसवर चालतो आहे. बायस जास्त तितका आवाज गोड, असा एक समज कारागिरांतही आहे. तसं नाही. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या बार्नी ऑलिव्हर यांनी 1971 मध्येच दाखवून दिलं, की बायसला एक योग्य जागा असते. त्याच्या खाली खाच पडते, आणि वर गेलं की दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम ओढू लागल्यामुळे मध्येच फुगवटा येतो. इमिटरला 0.22 ओहमचा रेझिस्टर असेल तर त्याच्यावर 20 ते 25 मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण 100 मिलिअँपिअर, ही ती जागा. छोटा प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरनं केसभर फिरवायचा आणि मीटर बघायचा, एवढंच काम. पण ते कधी करायचं, याला महत्त्व आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू व्हायला लागणारे व्होल्ट दर अंशाला दोन मिलिव्होल्टनं घटतात. परभणीत डिसेंबरची पहाट दहा-बारा अंशांची आणि मेची दुपार 44ची. म्हणजे साठ मिलिव्होल्टहून जास्त फरक, तोही अशा ठिकाणी जिथे आपण वीस-पंचवीस मिलिव्होल्ट जुळवतो आहोत. हा फरक भरून काढायला एक छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकवरच बसवलेला असतो. तो गरमी ओळखून बायस खाली आणतो. दुरुस्तीत हा ट्रान्झिस्टर हीट सिंकवरून सुटून बोर्डावर लोंबकळत राहिलेला मी असंख्य सेटमध्ये पाहिला आहे. मग उन्हाळ्यात बायस चढतो, चढल्यामुळे आणखी तापतो, तापल्यामुळे आणखी चढतो, आणि एका दुपारी जोडी शॉर्ट होऊन स्पीकरही जाळते. सेलूच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला उत्तम एबी सेट दर वर्षी उन्हाळ्यात जळायचा. एक स्क्रू, थोडी पेस्ट आणि शोकेसच्या पाठीमागे कापलेली चौकट, एवढ्यानं तो आजतागायत चालू आहे. बायस नेहमी सेट अर्धा तास वाजवून गरम झाल्यावर लावावा, आणि आमच्या भागात तरी उन्हाळ्यात एकदा तपासावा.

दुसरं दुखणं बनावट मालाचं. 5200-1943 ही जोडी इतकी खपते की बाजारात तिच्या नकला ढिगानं आहेत. फोडून पाहिलं तर आत सिलिकॉनची चिप खऱ्याच्या मानानं इवलीशी. शांत असताना सारखीच चालते, ढोलकीच्या पहिल्या थापेला जाते. क्लासवर तासभर चर्चा करून गिऱ्हाईक घरी जातं आणि आत बसलेला असतो डुप्लिकेट माल. कारागिराला क्लास विचारण्याआधी ट्रान्झिस्टर कुठून आणला ते विचारा, त्यातून आवाजाबद्दल जास्त कळेल.

क्लास डीकडे मी सुरुवातीला दुरून बघायचो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या सिंक्लेअरनं 1964 मध्येच तसा किट विकायला काढला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगानं चालू-बंद होण्याइतके चपळ नव्हते. मॉसफेट आल्यावर चित्र पालटलं. आमच्याकडे त्याला लोकप्रिय केलं ते लोडशेडिंगनं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर एबी सेट वाजवला तर बॅटरी तासा-दोन तासांत मान टाकायची, त्याच बॅटरीवर क्लास डी रात्रभर चालतो. गंगाखेडकडच्या एका गावातलं भजनी मंडळ सप्ताहात पहाटेच्या काकड्याला वीज नसते म्हणून माझ्याकडे आलं, त्यांना मी बॅटरीवर चालणारा डी बसवून दिला. विजेचा दाब हाही आमचा रोजचा प्रश्न. संध्याकाळी 230चे 180 झाले की साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या एबीचे वॅट साठ टक्क्यांवर येतात. चांगल्या एसएमपीएसवरच्या डीला ते जाणवतही नाही.

त्याचे तोटेही मी टेबलावर पाहिले. दोन इथे सांगितले पाहिजेत. पहिला वायरिंगचा. बहुतेक छोट्या डी बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही अर्थला नसतं. जुन्या सवयीनं दोन्ही चॅनेलचे मायनस एकत्र जोडले की आयसी गेलाच.

दुसरा प्रकार मला एका शेजारच्या मावशींमुळे कळला. त्या रोज सकाळी मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्झला आकाशवाणी परभणी लावत. एके दिवशी रेडिओ घेऊन आल्या, "दादा, यात नुसती खरखर यायलीय." माझ्या दुकानात रेडिओ उत्तम चालला. घरी नेला की पुन्हा खरखर. मी घरी जाऊन पाहिलं, रेडिओ हातात धरून भिंतीच्या कडेनं फिरलो. एका जागी खरखर वाढली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनी नवा ब्लूटूथवाला क्लास डी सेट आणला होता, प्लास्टिकच्या डब्यात. असे बोर्ड सेकंदाला चार-साडेचार लाख वेळा चालू-बंद होतात, आणि त्या आकड्याच्या पटींत त्यांचा गोंगाट खूप वरपर्यंत पसरतो. 435 किलोहर्ट्झला तीननं गुणा, नेमके 1305. मी तो बोर्ड पत्र्याच्या डब्यात घातला, डबा अर्थ केला, स्पीकरच्या लांबलचक तारा कापून पिळून आखूड केल्या आणि दोन्हींवर फेराइटचे मणी चढवले. मावशींचा रेडिओ पुन्हा बोलू लागला. शेजाऱ्यांच्या गाण्यात काहीच फरक पडला नाही, कारण तो गोंगाट कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या फार वरचा होता. पण चांगला ॲम्प्लिफायर शेजाऱ्याच्या घरातही शांत असावा, असं माझं ठाम मत झालं आहे. नाव असलेल्या कंपन्या हे तपासून माल बाहेर काढतात. खुल्या बाजारातले सुटे बोर्ड तसे तपासलेले असतीलच असं नाही.

आता कोणी विचारलं तर माझं मत असं आहे. छोटी खोली, बारीक आवाजात शास्त्रीय संगीत ऐकायची आवड, हिवाळ्यातली फुरसत आणि स्वतः बांधायची हौस असेल तर क्लास ए जरूर बांधावा, तो आनंद निराळाच आहे. आमच्यासारख्या उन्हाच्या जिल्ह्यात बारा महिने वापरायला तो योग्य नाही. घरातल्या रोजच्या ऐकण्याला नीट बायस लावलेला, मोकळ्या हवेत ठेवलेला एबी पूर्ण पुरेसा आहे, आणि तो गल्लीतल्या कारागिराला दुरुस्त करता येतो, ही त्याची फार मोठी जमेची बाजू. नव्यानं घ्यायचा असेल, वीज जात-येत असेल, जागा कमी असेल, तर नाव असलेल्या कंपनीचा क्लास डी बिनधास्त घ्यावा. तो चांगला वाजत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. नुसता क्लास बी घरात कोणीच मुद्दाम विकत नाही, पण दुर्लक्ष झालेला प्रत्येक एबी हळूहळू त्याच वाटेला लागतो.

आणि माळ्यावर वडिलांच्या वेळचा एबी डेक किंवा ॲम्प्लिफायर पडून असेल, तर तो भंगारात घालण्याआधी जवळच्या जाणत्या मेकॅनिककडे न्या. फिल्टर कंडेन्सर बदलून घ्या, बायस गरम सेटवर तपासायला सांगा, आणि परत घेताना तिथेच आवाज बारीक करून तानपुरा ऐका. या कामाला एक दुपार लागते.